मासिक पास

पाळीच्या आधीचे दहा दिवस
पिशवीचा पट्टा मी तिरका घालत नाही.
नुसता एका खांद्यावर अडकवते,
आणि तो घसरत राहतो
शिवडी नाक्यापासून वडाळा डेपोपर्यंत
प्रत्येक गतिरोधकाला.

मालू शाळेतून धावत येऊन बिलगायची.
एकदा मी हात आडवा धरला.
ती थांबली. दप्तर उतरवून
निमूट पंख्याखाली जाऊन बसली.
हे मी कुणालाच सांगितलं नाही.

केसपेपरच्या खिडकीवर म्हणाले, छातीत दुखतं.
मागे रांगेत वीस माणसं, निम्मे पुरुष,
दुसरा शब्द काही तोंडातून बाहेर पडेना.
त्यांनी धाडलं थेट ईसीजीला.
थंडगार जेली, चिमटे, कागदावर डोंगरदऱ्या.
काळीज ठणठणीत.
तिथल्या बाईंनी विचारलं, नक्की कुठं गं?
मी हात ठेवून दाखवला.
त्या म्हणाल्या, अगं, मग तुझी खिडकीच चुकली.

बरोबर खिडकीशी पोचायला मला अडीच महिने लागले.
तोवर रात्री बोटांनी चाचपत राहिले,
अंधारात सुटे पैसे मोजावेत तशी,
आणि दर खेपेला हिशेब वेगळा यायचा.
नवरा झोपेतच म्हणायचा, काय शोधतेस?

सोनोग्राफी. गाठ नाही.
"पाळी आली की उतरतं ना?
मग घाबरू नकोस. पण काही वेगळं वाटलं तर लगेच ये."
बाहेर जिन्यात बसून रडले,
गाठ नाही म्हणून,
आणि तरी दुखतंय म्हणून.

कामगार कल्याण केंद्राच्या हॉलमध्ये
सकाळी सहाला कॅरम भिंतीला टेकवून ठेवतात.
फिलोमिना सिस्टर, पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या,
कॅनव्हासचे बूट दाराशी काढून
सगळ्यांआधी सतरंजीवरचा पावडरचा पांढरा डाग झटकतात.
मग घोंगडीची वळकटी, कण्याखाली उभी.
तळवा तळव्याला. गुडघे दोन्हीकडे सोडून द्यायचे.
"सुगंधा, पालथ्याची आसनं आज तुला नकोत.
खांदे मागे. अजून. छाती उघड."

उघड!
तेरा वर्षांची होते तेव्हापासून मिटतच आले मी.
आधी वह्या कवटाळून, मग ओढणी,
मग पदर, मग खाकी, मग ही पिशवी.
वळकटीवर पाठ टेकली तेव्हा
कुठल्याशा बरगडीपाशी कट् वाजलं,
डेपोत वर्षभर उभ्या गाडीची
गंजलेली काच सरकावी तसं.
लाज वाटली. कुणी ऐकलं नव्हतं.

श्वास घेताना चार, सोडताना सहा.
मी आकडे नाही मोजत, थांबे मोजते.
चार थांबे माणसं चढतात,
सहा थांबे उतरत जातात,
आणि शेवटी घटकाभर रिकामी गाडी.
सिस्टरना हे सांगितलेलं नाही.

दुखणं गेलं का? नाही.
त्याच्याकडे मासिक पास आहे, ते चढणारच.
पूर्वी दारात उभं राहून सगळ्यांना अडवायचं,
आता "पुढे सरका" म्हटलं
तर सरकतं थोडं.
नेहमी नाही.
परवा दहाच्या नोटेवरून एकाशी भांडले
आणि रात्रीपर्यंत ठणकत राहिलं,
तेव्हा ना घोंगडी आठवली ना श्वास.

मालू हल्ली आधी विचारते, आज चालेल?
मी भिंतीवरची तारीख बघते.
बहुतेक वेळा म्हणते, हळू ये.

काल गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरला म्हटलं,
मोकल, आज पट्टा लागतोय.
एवढंच.
त्यांनी आरशात पाहिलं नाही, विचारलंही नाही काही.
शिवडी नाक्यापासून वडाळ्यापर्यंत
एकही गतिरोधक मला कळला नाही.